सुदर्शनरावांच्या गच्चीवर पडलेली काठी

मुरुगेसनचं पत्र दिवाळीत आलं होतं. फराळ संपला, थंडी पडली, संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला, तरी आप्पांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र त्यांनी लपवलंही नव्हतं. टीव्हीशेजारच्या चिमट्यात विजेच्या आणि पाण्याच्या बिलांबरोबर ते उघड अडकवलेलं होतं. लपवलं तर मनाला लागून राहील, बिलांत ठेवलं तर बिलासारखंच कधीतरी निकालात निघेल, असा त्यांचा अंदाज. पण बिलं मुलगा रामेश्वर मोबाइलवरून भरत असे, आणि पत्राला तशी सोय नव्हती.

पलटणीत शिकवत तसल्या, रोमन लिपीतल्या हिंदीत ते लिहिलेलं होतं. अक्षरं मोठी आणि कापरी. आप्पांना आता ते पाठ झालं होतं. ‘पुंजाराम, फौजियों का मेला फरवरी में है, चेन्नई. पचहत्तर के ऊपर वाले सब बैठ के भाला फेंकेंगे. नाम दो ही हैं. एक मेरा. दूसरा मैंने तेरा बोल दिया, मगर तेरी सही चाहिए. तू नहीं आया तो मेरे को अकेले को मेडल देंगे. ऐसा मेडल मेरे को नहीं चाहिए. पूरे हाथ से फेंकना. टेलिफोन मत कर, कान गया. बहू को हिंदी नहीं आती. चिट्ठी लिख.’

सोबत एक छापील अर्ज होता. सही केलेला अर्ज जानेवारी संपायच्या आत पोचायला हवा होता.

त्या रविवारी अमावास्या होती. सून रत्नमाला पोह्यांसाठी कांदा चिरत होती आणि मनात नायलॉनच्या दोरीचा विचार करत होती. निळी, जाड, शहागंजात चार दुकानं फिरून आणलेली कपडे वाळत घालायची दोरी गुरुवारपासून गच्चीवरून गायब होती. दोरी कोण नेणार? आधी तिला कामवाल्या बाईचा संशय आला, मग माकडांचा, आणि काल रात्री तर नवऱ्याचासुद्धा. तेवढ्यात बेल वाजली.

दारात शेजारचे सुदर्शनराव उभे होते. लासूर स्टेशनकडचे बागायतदार, इथं कोर्टात नोकरीला. एरवी इस्त्रीच्या शर्टाशिवाय दाराबाहेर न पडणारा माणूस आज बनियनवर आला होता, आणि त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन बोटांत धरलेली एक लांब काठी होती.

“वहिनी, रामेश्वर उठलाय का?”

“अंघोळीला गेलेत. काय झालं?”

“ही वरून आली.”

“वरून म्हणजे?”

“आभाळातून. पहाटे. आमच्या सोलरच्या दोन नळ्या फुटल्या. आमची मोनिका म्हणते करणी आहे. घुंगरू बांधलंय बघा हिला. आणि आज अमावास्या.”

काठी तेल पाजून काळी झालेली होती. एका टोकाला लोखंडी टोपी, दुसऱ्या टोकाला पितळी घुंगरू. आणि घुंगराच्या खाली, नीट गाठ मारलेला, वीतभर निळा नायलॉनचा तुकडा.

रत्नमालेनं तो पाहिला. तिला दोरी सापडल्याचा आनंद झाला आणि लगेच काठी कुणी फेकली असेल तेही कळलं. “बघू बरं,” असं म्हणून तिनं काठी हातात घेतली, वर्तमानपत्र सारखं केल्यासारखं केलं, आणि तो तुकडा ओढून मुठीत घेतला. आपण हे का केलं ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. दोरीवरून गेले तीन दिवस ती या घरातल्या प्रत्येकावर चिडलेली होती.

रामेश्वर डोकं पुसत बाहेर आला. ही काठी त्यानं जन्मापासून पाहिली होती. ती त्याच्या आजोबांची, मेंढरं वळायची काठी, आणि तिची जागा बाहेरच्या दारामागच्या खिळ्यावर. त्यानं खिळ्याकडे पाहायचं टाळलं. त्याची मुलगी प्रांजली मात्र तोवर उठून दारामागं गेली होती आणि रिकाम्या खिळ्यावर आपली कॉलेजची बॅग अडकवत होती.

“आमची नाही,” रामेश्वर म्हणाला.

“असली मी कधी पाहिलीच नाही,” प्रांजली म्हणाली.

जमिनीवर बसून मेथी निवडणाऱ्या आप्पांच्या बायकोनं, बानाबाईंनी, मान वर केली. “अशा काठ्या माझ्या माहेरी असायच्या. हितं नाय.”

आप्पा खुर्चीत बसून चहा पीत होते. कप रिकामा होता हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

रामेश्वरला मोठं नवल वाटलं. टीव्ही कोणत्या भिंतीला लावायचा यावरून ज्या घरात दोन महिने अबोला चालला, त्या घरानं एकमेकांकडे न पाहता एका मिनिटात एकच खोटं ठरवलं होतं. त्याला जरासा अभिमानही वाटला. तो टिकला नाही, कारण जिन्यावर चपला वाजल्या आणि कन्नडहून पहिल्या बसनं निघालेले हनुमानकाका आत आले. आप्पांचे धाकटे भाऊ. खांद्यावर घोंगडी, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. त्यांनी पिशवी खाली ठेवली, सुदर्शनरावांना रामराम घातला आणि काठी पाहून मनापासून खूश झाले.

“आरं, बाची काठी खाली काढली व्हय? बरं केलं. तेल लावायलाच झाल्ती.”

सुदर्शनराव हळूच सोफ्यावर टेकले.

“म्हणजे करणी नाही,” ते म्हणाले.

“करणी हाये,” बानाबाई मेथीची जुडी सोडत म्हणाल्या. “पण घरचीच हाये. काय वो?”

हा शेवटचा प्रश्न आप्पांना होता. आप्पांनी कप खाली ठेवला.

“मी फेकली,” ते म्हणाले. “दोरी बांधली होती, लांब जाऊ नये म्हणून. दोरी तुटली. माफ करा, सुदर्शनराव. नळ्या मी आणून देतो.”

“तुम्ही फेकली?” सुदर्शनराव उठून खिडकीशी गेले. त्यांनी वर पाहिलं, मग गल्लीपलीकडच्या आपल्या गच्चीकडे पाहिलं. “इथून? मधे गल्ली आहे, लिंब आहे.”

“बसून,” आप्पा ओशाळून म्हणाले. “खुर्चीत बसून फेकायचं असतं.”

“बसून?”

सुदर्शनराव तक्रार करायला आले होते हे यापुढे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी पोह्यांना हो म्हटलं आणि बैठक मारली. घरातल्या भांडणाला बाहेरचा माणूस हजर असला की ते जरा सभ्य होतं, म्हणून रत्नमालेनं त्यांना वर चहाही दिला.

पत्र चिमट्यातून प्रांजलीनं काढलं आणि वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “आप्पा, जायचं. मी येते सोबत.”

“तू गप,” रामेश्वर म्हणाला. “सत्त्याहत्तरावं चालू आहे त्यांना. बीपी आहे. पायाला जखम झालीय ती महिना झाला भरत नाही. दोन गाड्या बदलून चेन्नईला? आणि कशाला, तर भाला फेकायला. उद्या खांदा निखळला तर दवाखान्यात कोण धावणार?”

“तूच धावशील,” बानाबाई म्हणाल्या. “दुसरं हाये कोण?”

“म्हणूनच म्हणतोय ना आई, नको.”

“मी बी नकोच म्हन्ते. तुझ्याच बाजूनं हाये मी. हा मानूस घरातून पळायला गेल्ता तवा दोन पाय होते. परत आला तवा एक. आता गेला तर काय ठिवून येईल, देव जाणं.”

हनुमानकाकाही नकोच्या बाजूचे निघाले, पण वेगळ्या कारणानं. त्याच आठवड्यात गावी देवाची यात्रा होती आणि मानाची काठी थोरल्या भावानं धरायची असते. “वर्सातून एक दिस तर मागतो तुला आम्ही. तू चेन्नईला ग्येला तर काठी मला धराया लावतील, आन् मग त्या धाकट्या वाड्याचे म्हन्तील, आमचा बी हक्क हाये. लई लफडं व्हईल.”

तीन विरुद्ध एक झालं. रत्नमाला कुठल्या बाजूला जायचं ते ठरवत होती. दोरी तिची होती. रागावण्याचा पहिला हक्कही तिचाच. पण हा म्हातारा माणूस रोज पहाटे कृत्रिम पाय चढवून, भिंतीला धरून, आवाज न करता तिसऱ्या मजल्यावर जात होता, हे तिला आज कळलं होतं, आणि ते तिच्या मनातून हलत नव्हतं.

“हा मुरुगेसन कोण पण?” सुदर्शनरावांनी विचारलं.

“लढाईतला दोस्त,” हनुमानकाकांनी पुढे सरकत सुरुवात केली. ही गोष्ट ते यात्रेत दरवर्षी सांगत. “एकाहत्तरची लढाई. समोरून दुश्मनाचे रणगाडे. आमचा आप्पा एकला. पाय तुटलेला, तरी तसाच एका पायावर पळत...”

“रणगाडा मी पाहिलाच नाही,” आप्पा म्हणाले. “वाळू पाहिली.”

“आता तूच मोडता घाल.”

“एका पायावर कुणी पळतं का, हनुमान?”

हनुमानकाका मागं सरकले. आप्पांना खरं तर पुढं बोलायचं नव्हतं. पण सगळे त्यांच्याकडे पाहत होते, आणि आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडी इतकी वाढलेली असताना खरी सांगायला फार थोडीच उरते, असं काहीसं वाटून ते बोलू लागले.

“बाडमेरच्या पुढं होतो आम्ही. मी पलटणीत पळायचो. पाच हजार मीटर. म्हणून निरोप घेऊन मलाच धाडायचे. खुणा केलेल्या वाटेनंच जायचा हुकूम होता. ती वाट लांब वळसा घालून जायची. मी मधूनच निघालो. धनगराची खोड. मेंढरामागं कुणी वळसा घालून जातं का? त्या मधल्या वाटेत सुरुंग होता.”

“अन् मुरुगेसन?” प्रांजलीनं विचारलं. हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. रामेश्वरनंही.

“तो वायरलेसवाला. त्याला नको म्हणत होते, तरी आला. मला ओढत न्यायला लागला आणि त्याच्या कमरेत गोळी बसली. मग आम्ही दोघंही रांगत एका ढाणीत गेलो. चार झोपड्या. माणसं सगळी पळून गेलेली. पाणी नाही, काही नाही. शेळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. कास भरून आलेली, पिळायला कुणी नाही, तर ओरडत हिंडत होत्या.”

“मग?”

“मग मी हाक मारली, आपण मारतो तशी. त्या शेळ्यांना आपली हाक कळंना. मुलूख वेगळा. तेव्हा...” आप्पा थांबले. त्यांचे कान लाल झाले होते. “तेव्हा मी करडासारखा ओरडलो.”

“करडासारखं म्हणजे कसं?” सुदर्शनरावांनी गंभीरपणे विचारलं.

“आता नाही करून दाखवत.”

“राहू द्या, राहू द्या.”

“एक आली. मुरुगेसनच्या कमरेत गोळी, आणि तो हसायला लागला. म्हटलं, हसू नको, रक्त जातंय. तरी हसतोय. आधी त्याच्या तोंडात धार सोडली, मग मी प्यालो. आपले लोक येईपर्यंत त्याच एका शेळीवर जगलो आम्ही.”

“म्हणून ह्या घरात बोकड शिजत नाय,” हनुमानकाका सुदर्शनरावांना म्हणाले. “आमी धनगर, पन ह्याच्याकडं आलो की मेंढीचंच खायाचं. मला वाटायचं डाक्टरनं सांगितलंय.”

रामेश्वर वडलांकडे पाहत राहिला. सत्तेचाळीस वर्षं तो रणगाड्यांच्या गोष्टीवर वाढला होता. शाळेत त्यानं त्यावर निबंध लिहून बक्षीसही मिळवलं होतं. आणि खरी गोष्ट शेळीची होती. आपली फसवणूक झाली असं त्याला वाटायला हवं होतं. उलट हा माणूस त्याला पहिल्यांदाच जवळचा वाटला.

“पुण्याचं सांगा की,” बानाबाई म्हणाल्या. त्यांना ती गोष्ट माहीत होती, आणि विरुद्ध बाजूला असूनही तिच्यातला पुढचा भाग त्यांना आवडत असे.

“पुण्याला पायाच्या दवाखान्यात होतो. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. नवा पाय आणून दिला, लावला नाही. म्हटलं, पळता येत नाही तर चालून काय करू. मुरुगेसनचे दोन्ही पाय कायमचे गेलेले, तो चाकाच्या खुर्चीत. तो रोज सकाळी माझ्या वॉर्डच्या दाराशी यायचा आणि करडासारखा ओरडायचा. पुढं सगळा वॉर्डच ओरडायला लागला. एक दिवस मी इतका पेटलो की कुबडी उचलली आणि फेकून मारली त्याला. डोक्यावरून गेली. तो म्हणाला, ‘हाथ अच्छा है.’ दुसऱ्या दिवशी त्यानं भाला आणला.”

सुदर्शनराव मोठ्यानं हसले. मग रामेश्वरही हसला.

“तिथून सुरू झालं. नोकरी लागल्यावरही दरवर्षी सुट्टी काढून पुण्याला जायचो. दरवर्षी तो जिंकायचा. शेवटी वीतभरानं हरलो. म्हटलं, पुढच्या वर्षी बघ. पुढच्या वर्षी जमलं नाही.”

“काहून?” हनुमानकाकांनी विचारलं.

उत्तर बानाबाईंनी दिलं. “ह्याच्यामुळं.” त्यांनी मेथीच्या काडीनं रामेश्वरकडे बोट केलं. “मार्चात येनार म्हनून सांगितल्तं सुईणीनं. हा फेब्रुवारीतच आला. पिशवी भरून दारात ठिवली व्हती ह्यांची.”

“माझ्यामुळं?” रामेश्वर म्हणाला. “मी काय केलं त्यात?”

“घाई केलीस,” प्रांजली म्हणाली.

“अन् नंतरच्या वर्षी?” रामेश्वरनं विचारलं.

“नंतरच्या वर्षी तुला गोवर. मग साळा. मग संसार. मग मुरुगेसन आपल्या मुलखाला ग्येला.”

रामेश्वर उठला आणि पत्र स्वतः एकदा वाचलं. वाळूजच्या कंपनीत तो सुपरवायझर होता, आणि एखादं काम आपल्यामुळं अडलंय असं कुणी म्हटलं की त्याला बसवत नसे. तो खिडकीशी गेला, परत आला. मग म्हणाला, “मनमाडवरून चेन्नईची गाडी असेल ना? वरचा बर्थ नको मात्र.”

“यात्रेची तारीख काय म्हणालात काका?” रत्नमालेनं विचारलं. तिनं मूठ उघडून निळा तुकडा टेबलावर ठेवला. “काठी प्रांजलीच्या बाबांनी धरली तर? थोरल्याचे थोरलेच ते. धाकट्या वाड्याला बोलायला जागा नाही.”

हनुमानकाकांनी विचार केला. “चालतंय की. उलट बरं हाये. आप्पाचा हात थरथरतो, काठी डुलते, लोकं म्हन्तात अंगात आलं.”

आता सगळे वळले होते. बानाबाई तेवढ्या मेथी निवडत राहिल्या. आणि नेमक्या त्या वेळी आप्पा म्हणाले, “मी जाणार नाही.”

“आता काय झालं?” प्रांजली जवळजवळ रडकुंडीला आली.

“तो माझ्यामागं आला म्हणून त्याची कंबर गेली. मी मधल्या वाटेनं गेलो, आणि पाय त्याचे गेले. त्याला हरवायला चेन्नईपर्यंत जाऊ? बरं, हरायला जावं, तर तो ओळखील. पूरे हाथ से, असं लिहिलंय त्यानं. त्याला काय लिहू ते मला सुचत नाही. दिवाळीपासून सुचत नाही.”

सुदर्शनरावांनी रिकामी बशी उगाच आत नेऊन ठेवली आणि ते निघाले. मोनिकाला माकड होतं म्हणून सांगतो, असं त्यांनी दारातून कळवलं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर बानाबाई गच्चीवर गेल्या. गुडघे दुखत असल्यामुळं दोन वर्षांत त्या वर आल्या नव्हत्या. आप्पा तिथंच होते. पाण्याच्या टाकीच्या खांबाला एक प्लास्टिकची खुर्ची दोरीनं आवळून बांधलेली होती. बसायच्या जागी उशी. पुढं जमिनीवर खडूच्या रेघा, एकापुढं एक. काही पुसट झालेल्या, काही नव्या. प्रत्येक नवी रेघ आधीच्या रेघेच्या पुढं होती.

बानाबाईंनी त्या रेघा एकेक करून पाहिल्या.

“पाय काढा,” त्या म्हणाल्या.

आप्पा खुर्चीत बसले आणि त्यांनी कृत्रिम पाय सोडवला. रामेश्वरनं ऑनलाइन मागवलेला रबरी मोजा घामानं ओला झाला होता. खाली कातडी लाल. बानाबाईंनी कनवटीतून कोकराच्या मऊ लोकरीचा, हातानं विणलेला मोजा काढला. पन्नास वर्षं त्याच असे मोजे करत आल्या होत्या. यंदा रबरी आला म्हणून कुणी विचारलं नाही, तरी त्यांनी केला होता.

“हा घालत जा. त्यो रबराचा पोराला दाखवायपुरता.”

“बरं.”

“ह्या रेघा कधीपासनं मारताय?”

“दिवाळीपासून.”

“म्हंजी पत्र आलं तवापासनं.” बानाबाई मोजा चढवत होत्या, मान खालीच होती. “खाली काय म्हनलात? हरवायचं नाय, आन् हरायचं नाटक बी करायचं नाय. मग हे काय हाये? हरायला कुणी पहाटं उठून काठ्या फेकीत नाय. तुमाला जिंकायचंय. लई जिंकायचंय. पोटातलं मला सांगाया लाजता व्हय?”

आप्पा रेघांकडे पाहू लागले.

“त्यानं वाईट वाटून घेतलं तर?” शेवटी त्यांनी विचारलं.

“त्यानं बोलावलंय. तिकडं त्यो बी असाच कुठं तरी रेघा मारीत बसला आसंल. आता कुणी कुणाला शेळीच्या धारेवर जगवायचं नाय, दोघं बी धड मानसं हात. खेळा की नीट.” त्यांनी पाय पुन्हा बसवून पट्टा आवळला. “आन् जिंकला नाय तर मला तोंड दाखवू नका. तीन म्हैने माझी झोप मोडलीय. मला काय वाटलं व्हतं, वर घूस हाये.”

संध्याकाळी उत्तर लिहायला बसले तेव्हा प्रत्येकाला त्यात काहीतरी घालायचं होतं. रामेश्वरला बीपीच्या गोळ्यांची माहिती द्यायची होती, हनुमानकाकांना यात्रेचं आमंत्रण. प्रांजलीनं विचारलं, करडाचं ओरडणं रोमनमध्ये कसं लिहितात. आप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि अर्जावर सही करून कागदावर एवढंच लिहिलं: ‘मुरुगेसन, सही भेजी है. पूरे हाथ से फेंकूंगा. तू भी.’

सोमवारी सकाळी आप्पा आणि बानाबाई पोस्टात गेले. काउंटरवरच्या मुलीनं पाकिटाचं वजन केलं, स्पीड पोस्टची चिकटपट्टी लावली आणि पाकीट घ्यायला हात पुढं केला. आप्पांनी पाकीट पुढं केलं. मुलीनं ते धरलं. आप्पांनीही धरलेलंच होतं. तिनं जरा ओढून पाहिलं. मागं रांगेत कुणीतरी खाकरलं.

“आजोबा, द्या ना.”

“देतो,” आप्पा म्हणाले. त्यांची बोटं सुटत नव्हती.

बानाबाईंनी त्यांच्या कोपराला हळूच ढोसलं. “सोडा की वो आता. भाला बी असाच धरून बसनार हात का?”

आप्पांनी सोडलं.